शेवटच्या आधीचा रविवार

रेडिओवर तेव्हा रविवारी सकाळी एक मालिका लागायची. पृथ्वीवरून निघून कुठल्याशा दूरच्या ताऱ्याकडे गेलेल्या यानाची गोष्ट. मी लग्न होऊन श्रीरामपूरला आले तेव्हा ती चालू होऊन बरेच दिवस झाले होते, आणि ती संपली तेव्हा मी त्या घरात पुरती रुळले होते. मुंबईत टीव्ही नुकताच आलाय असं आम्ही ऐकून होतो, पण ओळखीतल्या कुणी तो पाहिलेला नव्हता. आमच्याकडे माजघरातल्या फळीवर रेडिओ होता. सासूबाईंनी स्वतः भरलेल्या रुमालाखाली तो झाकलेला असायचा, आणि चालू केला की आवाज यायला थोडा वेळ घ्यायचा.

घरात आम्ही चौघं. हे साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. सासरे मूळचे राहात्याकडच्या शेतकरी घरातले, पण तरुणपणीच रेल्वेत लागले आणि दौंड-मनमाड मार्गावर गार्ड म्हणून सगळी नोकरी केली. मी आले त्याच्या थोडं आधी ते निवृत्त झाले होते. सासूबाई घर बघायच्या. त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. आमच्या भागाला कालव्याचं पाणी होतं म्हणून ऊस तरी दिसत होता, पण रेशनला लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायची आणि तिच्या भाकरी तव्यावर टाकायच्या आधीच सासूबाईंच्या हातात तुटायच्या.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणायचे. पहिले काही महिने आमचं बोलणं असं नव्हतंच. मी डोक्यावर पदर घेऊन चहा ठेवायचे, ते 'हं' म्हणायचे. बोलणं सुरू झालं ते त्या मालिकेमुळे. एका रविवारी रेडिओवरच्या कप्तानाने प्रकाशवर्ष असा शब्द उच्चारला आणि मामंजींनी स्वयंपाकघराकडे मान वळवून विचारलं, "सूनबाई, परकाशवर्ष म्हंजी किती सालं?"

मी दारात उभी राहून सांगितलं की ते साल नाही, अंतर आहे. त्यांनी मान हलवली. "म्हंजी आमी म्हनतो ना, मनमाड दोन तासांवर हाय. तसं."

इतकं नेमकं मला वर्गातही कधी सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून रविवारी मीही माजघरात बसू लागले. मालिका सुरू व्हायच्या आधी ते मला विचारायचे, "मागल्या टायमाला काय झालं, सांग बरं." मी सगळं पहिल्यापासून सांगायचे. त्यांना ते ऐकायला आवडतं, म्हणून मी रंगवूनही सांगायचे. त्यांची त्या यानाबद्दल एकच कायमची तक्रार होती. "येवढी मोठी गाडी आन गार्ड न्हाई. मागं कोन बघतंय?"

ऐकायला आणखी एक जण असायच्या. शेजारच्या बाई मिशनच्या शाळेत शिकवायच्या, वयाने सासूबाईंएवढ्या. रविवारी त्या चर्चमधून थेट आमच्याकडे यायच्या, पांढरी साडी, हातात बायबल, आणि उंबऱ्यातूनच विचारायच्या, "सुरू झालं का?"

शेवटच्या आधीचा भाग मला आजही जवळजवळ शब्दशः आठवतो. यान परत येत होतं. पुढच्या रविवारी मालिका संपणार हे निवेदिकेने आधीच सांगितलं होतं, त्यामुळे आता सगळे सुखरूप उतरणार अशी आमची समजूत. पृथ्वी जवळ आली. कप्तानाने बिनतारी संदेश पाठवला. आपलं नाव सांगितलं, यानाचं नाव सांगितलं, उतरायची परवानगी मागितली. बराच वेळ नुसती खरखर. मग पृथ्वीवरून कुणीतरी सावकाश म्हणालं की या नावाचं यान सात वर्षांपूर्वीच परत आलेलं आहे. प्रवासी सुखरूप आहेत, आपापल्या घरी आहेत. तुम्ही कोण?

कप्तान म्हणाला, माझी चेष्टा करू नका. तेव्हा पलीकडे दुसरा आवाज आला. तो कप्तानाचाच आवाज होता. वयाने थोडा थकलेला, घरात बसून बोलल्यासारखा. "कोण बोलतंय?" त्याने विचारलं.

आणि संगीत वाजलं. भाग संपला.

आम्ही कुणीच रेडिओ बंद करायला उठलो नाही. त्यावर शेतकऱ्यांसाठी काहीतरी सुरू झालं तेव्हा ह्यांनी बटण फिरवलं आणि म्हणाले, "टेपा बदलल्यात. कुठला तरी आधीचा भाग लावला चुकून."

"आधी असं कुठं होतं?" मी म्हणाले.

"मग पुढचा लावला असेल."

शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "ते सगळे वाटेत वारलेत. त्यांना माहीत नाही एवढंच. आत्मे आहेत ते."

"आणि मग घरी आहेत ते कोण?" ह्यांनी विचारलं. बाईंनी बायबल मांडीवर ओढून घेतलं.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण घरात विज्ञान शिकवणारी मीच. मी सांगायला लागले की फार वेगाने जाणाऱ्या माणसाचा काळ हळू चालतो, त्यामुळे त्यांना एक वर्ष वाटलं तरी पृथ्वीवर अनेक वर्षं उलटलेली असू शकतात. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की याने काहीच सुटत नाही. काळ हळू चालला तरी माणूस एकच. मी मध्येच थांबले. सासूबाई इतका वेळ शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "आता ह्ये दुसरे घरी गेले, तर त्यांच्या बायकांनी ताट कुनाला वाढायचं?"

आम्ही हसलो. मामंजी हसले नाहीत. ते खिडकीबाहेर बघत होते. दुपारी जेवायला बसल्यावर त्यांनी भाकरीचा तुकडा हातात धरून सासूबाईंना विचारलं, "मी ड्युटीवरून आलो का?"

हे खदखदून हसले. "बघा, दादांनी बरोबर पकडलं. आता आपल्यालाही पृथ्वीला विचारून यावं लागणार." मलाही हसू आलं. सासूबाईंनी मात्र ताटात कालवण वाढत शांतपणे सांगितलं, "आलात. जेवा आता."

तो आठवडा विचित्र गेला. शाळेत शिक्षकांच्या खोलीत हाच विषय. कारखान्यात ह्यांच्या सोबतचे दोघं यावरून भांडले म्हणे. वाण्याच्या दुकानात मी गूळ घेत असताना एक म्हातारे गृहस्थ दुसऱ्याला सांगत होते की ही सगळी सरकारची युक्ती आहे, लोकांनी दुष्काळाचा विचार करू नये म्हणून. ज्याला विचारावं त्याचं उत्तर वेगळं, आणि प्रत्येक उत्तर थोडा वेळ खरं वाटायचं. माझ्या नववीच्या मुलींनी फळ्यावर यानाची वाट काढायला लावली. मी दोन रेषा काढल्या, त्या एकमेकींना कुठं मिळतात ते मला दाखवता आलं नाही, आणि घंटा झाली.

सगळेच गोंधळलेले असल्यामुळे मामंजींचा गोंधळ निराळा आहे हे मला कळलं नाही. मंगळवारी सकाळी त्यांनी पेटीतून काळा कोट काढून अंगात घातला आणि अंगणात बसले. थंडी होती, मला त्यात काही वाटलं नाही. बुधवारी शेजारच्या बाईंना त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमचे मालक मला भेटले का?" बाईंचे यजमान जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. बाई मला म्हणाल्या, तुझे सासरे आत्म्यांचं फार मनावर घेऊन बसलेत.

गुरुवारी मी शाळेतून येऊन हातपाय धूत होते. मामंजी मोरीशी येऊन उभे राहिले. ते असे कधी येत नसत.

"सूनबाई, तू शिकलेली हाय. येक सांग."

"काय मामंजी?"

"मानूस घरी पोचला, आन त्याला ठावंच न्हाई की आपुन पोचलो. असं व्हतं का?"

मला फार आनंद झाला. वाटलं, चार दिवस हा माणूस या कोड्याचा विचार करतोय. मी पाटी आणली. अंगणात बसून त्यांना प्रकाशाचा वेग समजावला, जुळ्या भावांचं उदाहरण दिलं, एक भाऊ यानात आणि एक घरी. ते पाटीकडे बघत होते. मध्येमध्ये 'व्हय' म्हणत होते, अगदी अदबीने, जसं रेल्वेत साहेबाचं ऐकत असतील तसं. शेवटी मी विचारलं, "कळलं का?"

"कळलं," ते म्हणाले. मग पाटी माझ्याकडे सरकवून म्हणाले, "पन त्याला कोन सांगनार?"

मी म्हणाले, "रविवारी कळेल की."

रविवारी ह्यांची कारखान्यात पाळी होती. गळिताचा हंगाम, सुट्टी मिळेना. शेजारच्या बाई त्या दिवशी चर्चमधून लवकर आल्या, सोबत शाळेतल्या दोन मैत्रिणींना घेऊन. सासूबाईंनी सगळ्यांना चहा केला. मामंजी कुठं दिसत नव्हते. सकाळी अंघोळ करून बाहेर पडले होते. मारुतीला गेले असतील, येतील, असं मी धरून चालले. सासूबाई मात्र दोनदा रस्त्यावर जाऊन बघून आल्या.

मालिका सुरू झाली. यानातले सगळे एकमेकांवर संशय घेत होते. कप्तान आपल्या लहानपणीच्या गोष्टी सांगून आपण खरे असल्याचं पटवत होता आणि पृथ्वीवरचा कप्तान प्रत्येक गोष्ट त्याच्या आधी पूर्ण करत होता. तेवढ्यात स्टेशनातला एक खलाशी, रेल्वेतला कामगार, सायकलवरून दारात आला. मामंजींना ओळखणारा; रेल्वेत त्यांना सगळे तात्या म्हणायचे. पुणतांब्याच्या स्टेशनातून फोन आला होता. तो सासूबाईंना म्हणाला, "वैनी, तात्या तिथं फलाटावर बसल्यात. मास्तर म्हनले, घरचं कुनी येऊन न्या."

सासूबाई उठल्या, पण त्यांचे गुडघे धड नव्हते आणि एसटीत चढणं त्यांना जमायचं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी घेतली, चप्पल घातली. माझ्या पाठीमागे रेडिओवर कुणीतरी रडत होतं. कोणता कप्तान ते मला ओळखू आलं नाही.

एसटी मिळायला वेळ लागला. वाटेत रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायकांची रांग होती, मुलं झाडाखाली झोपवलेली. मी पुणतांब्याला पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. फलाटावर लिंबाखालच्या बाकावर मामंजी ताठ बसले होते. काळा कोट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. हातात चहाचा रिकामा कप.

स्टेशनमास्तरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की सकाळच्या पॅसेंजरने आले, उतरले आणि म्हणाले, चार्ज घ्यायला आलोय. गाडीवर अर्थातच गार्ड होता. त्याने झेंडी दाखवली, गाडी सुटली, आणि हे बघत उभे राहिले. "कुणी काही बोललं नाही हो त्यांना," मास्तर म्हणाले. "बोलणार तरी काय?"

मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले. ते थोडे सरकले.

"बसा. गाडीला येळ हाय," ते म्हणाले.

त्यांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. ओळखलं की नाही ते मला कळेना. मी म्हणाले, "मामंजी, मी आलेय. घरी जायचं ना?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. ओळखलं असं वाटलं, आणि मग पुन्हा नाही असं वाटलं. ते रुळांकडे बोट दाखवून म्हणाले, "आता हितून गाडी गेली. गार्डाबिगर गाडी सुटत न्हाई. म्हंजी गार्ड गाडीवर हुता. मंग मी हितं कसा?"

"तुम्ही रिटायर झालात."

"व्हय? कधी?"

"झाली की दोन-तीन वर्षं."

"मंग निरोप दिला आसंल."

"दिला ना. हार घातला, नारळ दिला, फोटो काढला."

"तू हुतीस?"

"नाही. माझं लग्न नंतर झालं."

"मंग तुला कसं ठावं?"

खरंच, मला कसं माहीत? घरात भिंतीवर फोटो होता, ह्यांनी सांगितलं होतं. मी ते सांगू शकले असते. पण त्या क्षणी, त्या बाकावर, त्यांच्या प्रश्नापुढे ते फार लंगडं वाटलं. एक कुत्रं आलं आणि आमच्या सावलीत आडवं झालं.

दुपारच्या पॅसेंजरचा गार्ड त्यांच्या हाताखाली शिकलेला निघाला. मास्तरांनी त्याला काय सांगितलं कुणास ठाऊक. तो डब्यातून उतरला, मामंजींना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "चला तात्या, आपल्या डब्यात बसा." मला म्हणाला, "तुम्हीही या वहिनी. आज चालतंय."

गार्डाच्या डब्यात मी पहिल्यांदाच चढले. एक खुर्ची, एक पेटी, कंदील, आणि सगळीकडे कोळशाची बारीक कच. गार्डाने खुर्ची मामंजींना दिली आणि आपण उभा राहिला. गाडी सुटली तसे मामंजी उठून दाराशी गेले. दांड्याला धरून बाहेर झुकले, मागचे रूळ, पुढचे डबे पाहिले, सिग्नल पाहिला. वळणावर त्यांचं शरीर आधीच एका बाजूला कललं, डबा नंतर कलला. त्यात कुठेही गोंधळ नव्हता. मी पेटीवर बसून पाहत होते आणि मला वाटू लागलं की हा माणूस ठणठणीत आहे, सकाळपासून आम्हीच सगळे काहीतरी चुकीचं समजून बसलोय.

चितळी गेल्यावर ते आत आले आणि मला विचारलं, "तुमी कुठं उतरनार?"

"श्रीरामपूर," मी म्हणाले.

"मंग बेलापूरला उतरा. गाव श्रीरामपूर हाय, पन टेशनाचं नाव बेलापूर. पाटीवर श्रीरामपूर हुडकत बसू नका. नवी मानसं हमेशा फसत्यात, पुढं जात्यात."

"बरं," मी म्हणाले.

गार्डाने तोंड फिरवून बाहेर बघायला सुरुवात केली.

घरी आलो तेव्हा सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. मामंजींनी चपला काढल्या, कोट काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "आलो." त्या म्हणाल्या, "या." जणू रोजचंच. सासूबाईंनी त्यांना पाणी दिलं, हात धरून खाटेवर नेलं. ते लगेच झोपले.

शेजारच्या बाई संध्याकाळी आल्या आणि मालिकेचा शेवट सांगू लागल्या. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे यानातल्या सगळ्यांनी प्रार्थना केली आणि यान उजेडात नाहीसं झालं. सासूबाई म्हणाल्या, असं काही झालं नाही, त्या दुसऱ्या कप्तानाने दार उघडलं आणि या कप्तानाला घरात घेतलं. "तुम्ही तेव्हा रस्त्यावर होतात," बाई म्हणाल्या. "रेडिओ रस्त्यापतुर ऐकू येतो," सासूबाई म्हणाल्या. पुढे शाळेत मी विचारलं तर तिथे तिसराच शेवट ऐकायला मिळाला. तो भाग नक्की कसा संपला हे मला आजही माहीत नाही.

रात्रीचा स्वयंपाक करताना मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, मामंजींनी ती गोष्ट फारच मनाला लावून घेतली."

त्या पिठाचे हात झटकून माझ्याकडे वळल्या. "गोष्टीचं काय न्हाई त्यात. वरीस झालं. बाजारातून घर सापडत न्हाई त्यास्नी. मी मागं मागं जाते."

"तुम्ही बोलला नाहीत."

"काय बोलायचं? तुला दर रविवारी इचारायचे न्हाई का, मागं काय झालं म्हनून. मला वाटलं, तुला कळलं आसंल."

मी तवा चुलीवर ठेवला. मला कळलं नव्हतं. मला वाटत होतं त्यांना माझं सांगणं आवडतं. कदाचित आवडतही असेल, पण ते आता कुणाला विचारायचं?

हे पाळीवरून आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. ते आईवर चिडले, मग माझ्यावर. मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हे वयाचं आहे, औषध नाही, एकटं सोडू नका. त्या दुखण्याचं नाव तेव्हा कुणी आम्हाला सांगितलं नाही. कुणी म्हणे भ्रम, कुणी म्हणे लहर. हे शेवटपर्यंत मानायचे की सुरुवात त्या रविवारच्या कार्यक्रमानेच झाली. सासूबाई म्हणायच्या निवृत्तीच्या हारानेच झाली. आमच्यात यावरून कधी एकमत झालं नाही.

मामंजी पुढे तीन-चार वर्षं होते. मला मुलगा झाला तेव्हा त्यांनी त्याला मांडीवर घेतलं आणि कुणाचा म्हणून विचारलं. आम्ही आळीपाळीने त्यांच्यासोबत फिरायला जायचो. काही दिवस चांगले जायचे, ते पेपर वाचायचे, ह्यांना उसाचा भाव विचारायचे. काही दिवस मी त्यांच्यासाठी पाहुणी असायचे. अशा दिवशी ते उठून मला बसायला जागा द्यायचे, सासूबाईंना हाक मारून चहा ठेवायला सांगायचे आणि विचारायचे, "माहेर कुठलं तुमचं?"

"पारनेरकडचं."

"लई लांब दिलं तुमाला," ते म्हणायचे. मी हो म्हणायचे. दिवसातून कितीदा तरी हे व्हायचं. एकदा मी पेपर तपासत होते, मुलाला ताप होता, आणि त्यांनी पुन्हा विचारलं. मी मान वर न करता म्हणाले, "इथं जवळच आहे."

"जवळ हाय? मंग बरं हाय," ते म्हणाले. "मंग जाऊन येत जा. आई वाट बघत आसंल."

मी पेपर खाली ठेवले. आईकडे जाऊन मला वर्ष होत आलं होतं. मुलाचा ताप उतरल्यावर, त्याच आठवड्यात, मी त्याला घेऊन एसटीने पारनेरला गेले आणि चार दिवस राहिले.